दातातल्या चांदीची गोष्ट

"दातात चांदी भरून घेतली" हे वाक्य मराठीत इतकं रुळलं आहे की ती खरोखर चांदी असते का, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. वयाची चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी वाचकांच्या तोंडात अशी एखादी काळपट करडी दाढ असेल. त्या दाढेत भरलेल्या गोळ्याचा साधारण निम्मा भाग पाऱ्याचा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं. दंतवैद्य त्याला अमाल्गम म्हणतात. लोकांनी त्यातल्या सर्वांत प्रतिष्ठित धातूचं नाव उचललं आणि पाऱ्याचं नाव मागे राहिलं.

ही चांदी आता जगातून निघून जाण्याच्या वाटेवर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा इथे पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांची बैठक झाली आणि २०३४ पर्यंत दातांसाठी अमाल्गमचा वापर जगभर थांबवायचा असं तिथे ठरलं. भारतानेही या करारावर सही केलेली आहे. युरोपीय संघाने तर काही वैद्यकीय अपवाद सोडून १ जानेवारी २०२५ पासूनच तो बंद केला.

म्हणजे निरोपाची वेळ जवळ आली. निरोप देण्याआधी या चांदीचा जमाखर्च एकदा नीट मांडावा म्हणून हा लेख. जमाखर्च हा शब्द मुद्दाम वापरला आहे. दातात काय भरायचं हा वाद गेली दोनशे वर्षं शुद्धतेच्या, विषाच्या आणि सौंदर्याच्या भाषेत होत आला. पण प्रत्येक वेळी त्याच्या पोटात एक साधा प्रश्न होता. ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत त्याची दाढ भरली जाणार, की उपटली जाणार?

मेण, गूळ आणि लवंग

दात कोरण्याची विद्या शेतीइतकीच जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहेरगढ इथे नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ माणसांच्या एकूण अकरा दाढा कोरलेल्या सापडल्या. त्यांचा काळ आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. २००६ मध्ये हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आलं. गारगोटीच्या बारीक टोकाने, कमानीच्या दोरीने फिरवून ही भोकं पाडली असावीत असा अंदाज आहे. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे त्यानंतरही ही माणसं त्याच दातांनी जेवत होती. स्लोव्हेनियातल्या लोन्चे इथल्या साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका जबड्यात चिरलेल्या सुळ्यावर मधमाशीचं मेण भरलेलं आढळलं. ते माणूस जिवंत असताना भरलं की मृत्यूनंतर, याविषयी संशोधकांनी स्वतःच सावध भाषा वापरली आहे. तरीही दाताच्या भोकात काहीतरी भरण्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक मानला जातो.

मेण आपल्याकडेही आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त पोकळ झालेल्या किडक्या दातात गूळ किंवा मेण भरून तो तापलेल्या शलाकेने डागावा असा उपचार दिला आहे. आज गूळ हे नाव वाचून कोणीही दंतवैद्य दचकेल. पण त्या काळी दात किडतो तो त्यात शिरलेल्या किड्यामुळे, अशी समजूत बॅबिलोनपासून चीनपर्यंत सगळीकडे होती, आणि आत शिरलेल्याला जाळून मारायचं हे त्यातून ओघाने आलं. आपला 'कीड' हा शब्द त्याच समजुतीची खूण आहे. 'कृमिदंत' हा सुश्रुताचा शब्दही तोच अर्थ सांगतो.

लवंगेची गोष्ट मात्र आम्हा गोवेकरांच्या जवळची आहे. दाढ ठणकू लागली की घरोघर पहिला उपाय लवंगेचा, तो नसेल तर फेणीत बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याचा! पोर्तुगीज १५१२ च्या सुमारास मोलुक्का बेटांपर्यंत पोचले आणि लवंगेच्या व्यापाराच्या नाड्या काही काळ त्यांच्या हातात आल्या. त्या व्यापाराचं पूर्वेकडचं मोठं ठाणं गोवा. १५६३ मध्ये जुन्या गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात लवंगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. पणजीच्या चर्चसमोरच्या म्युनिसिपल बागेला ज्याचं नाव दिलं होतं, तोच हा वैद्य. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हे द्रव्य जस्ताच्या भस्मात कालवून तात्पुरतं सिमेंट करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. ती आजही टिकून आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो, त्यात आपल्या मसाल्याच्या डब्याचा वाटा मोठा आहे.

शिसं, सोनं आणि दोन भामटे

आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ पिएर फोशार या फ्रेंच माणसापासून मानतात. त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १७२८ चा. दातातला किडा त्याने सूक्ष्मदर्शकातून शोधला, त्याला तो दिसला नाही आणि तसं त्याने लिहून ठेवलं. दातात भरायला तो शिसं, कथील आणि सोनं वापरत असे. गरज पडेल तसा पातळ पत्रा कापायचा आणि भोकात दाबून बसवायचा. यातल्या शिशाची आठवण भाषांनी जपली आहे. फ्रेंच आणि जर्मन भाषांत फिलिंगसाठीचे शब्द शिशावरूनच आले. पोर्तुगीजमध्ये 'शुंबु' म्हणजे शिसं, आणि दातातल्या फिलिंगलाही बोलीत शुंबुच म्हणतात. लिसियमात शिकलेली जुनी माणसं घरात असतील तर त्यांना विचारून पाहा. त्यांच्या पोर्तुगीजमध्ये दातात शिसं होतं, मराठीत आलं तेव्हा त्याची चांदी झाली होती.

शिसं मऊ आणि घातक, कथील बरं पण कमी मानाचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगल्या दंतवैद्याची ओळख म्हणजे सोन्याचा वर्ख. हा वर्ख तुकड्यातुकड्याने भोकात ठोकून बसवायचा. १८५५ मध्ये रॉबर्ट आर्थर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवून दिलं की वर्ख तापवून घेतला तर त्याचे थर एकमेकांना घट्ट चिकटतात. काम उत्तम होई, पण त्याला तासन् तास लागत. लाळेचा एक थेंबही आत जाता कामा नये. दाताभोवती रबराचा पडदा लावण्याची युक्तीसुद्धा १८६४ मध्ये आली, तोवर कापूस आणि रोग्याची सहनशक्ती यांवरच भिस्त. असं काम करून घेणं म्हणजे सोन्याची किंमत, वर दंतवैद्याच्या अर्ध्या दिवसाची किंमत. साध्या माणसाने दाढ दुखली की ती उपटून टाकायची, हाच रिवाज होता.

स्वस्त पर्याय आला तो पॅरिसहून. ओग्युस्त तावो याने १८२६ च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात मळून एक लगदा केला होता. मऊ असताना तो भोकात भरायचा, थोड्या वेळाने आपोआप घट्ट होतो. ठोकाठोक नाही, तापवणं नाही, काही मिनिटांत काम आटोपतं. १८३३ मध्ये क्रॉकूर आडनावाचे दोघे हा लगदा घेऊन न्यूयॉर्कला उतरले. त्यांनी थाटाचा दवाखाना मांडला, मालाला 'रॉयल मिनरल सक्सेडेनियम' असं भपकेदार नाव दिलं. सक्सेडेनियम म्हणजे बदली वस्तू. सोन्याची बदली, तीही राजेशाही! नावात पाऱ्याचा उल्लेख अर्थातच नव्हता. गिऱ्हाइकांची रीघ लागली. पण हे दोघे दात नीट साफ न करताच किडीवर लगदा थापत. पुढे तो फुगे, दात तडकत, आत कीड वाढतच राही. तक्रारी वाढल्या तसे ते न्यूयॉर्क सोडून निघून गेले.

माणसं गेली पण वस्तू राहिली, आणि तिच्यावरून अमेरिकेत जे रण माजलं त्याला दंतवैद्यकाच्या इतिहासात 'अमाल्गम युद्ध' असंच नाव आहे. १८४० मध्ये तिथे दंतवैद्यांची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिने १८४५ मध्ये सभासदांकडून लेखी प्रतिज्ञा मागितली, की आम्ही अमाल्गम कधीही वापरणार नाही. जे सही करणार नाहीत त्यांच्यावर कारवाई. पारा विषारी आहे हा त्यांचा मुख्य मुद्दा, आणि तो निराधार नव्हता. टोप्या आणि आरसे करणाऱ्या कारागिरांचे पाऱ्याने झालेले हाल त्या काळी सर्वांना माहीत होते. त्या वेळचं अमाल्गम हलक्या दर्जाचं होतं, हेही खरंच. पण सोन्याचं काम करणाऱ्या नामवंतांची मिळकत या लगद्यामुळे धोक्यात आली होती, हीसुद्धा तितकीच खरी गोष्ट. शेवटी १८५० मध्ये प्रतिज्ञा मागे घ्यावी लागली आणि १८५६ मध्ये ती संघटनाच मोडली.

या भांडणात कमी चर्चिलेली एक बाजू आहे. सोनं की पारा हा प्रश्न ज्यांना दोन्ही परवडत होतं त्यांचा. बहुसंख्य लोकांपुढे पारा की चिमटा, असा प्रश्न होता. १८७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या फॉस्टर फ्लॅग याने हे उघड बोलून दाखवलं. दात जितका जास्त बिघडलेला आणि वाचवायला अवघड, तितकं सोनं त्याच्या उपयोगाचं कमी, असं त्याचं म्हणणं होतं. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. पण पुढची दिशा त्यानेच दाखवली.

साखर वाढली तशी भोकंही

याच काळात किडक्या दातांची संख्या वाढत होती. कारण साखर. एकेकाळी श्रीमंतांच्या मेजावरची ही वस्तू एकोणिसाव्या शतकात गिरणी कामगाराच्या चहात आली. ब्रिटनने १८७४ मध्ये साखरेवरचं आयात शुल्क रद्द केलं. त्यानंतर ती आणखी स्वस्त झाली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर याने १८९० मध्ये ग्रंथ लिहून सिद्धान्त मांडला, की तोंडातले जिवाणू साखर-पिष्टाचं आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. किड्याची हजारो वर्षांची कथा तिथे संपली. एका अर्थी वाग्भटाचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, जीव आहेत खरे, पण डोळ्यांना न दिसणारे. गूळ मात्र त्यांचं खाद्य निघालं!

१८९० च्या दशकात शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी चांदी, कथील आणि तांबं यांचं प्रमाण बसवून असं अमाल्गम तयार केलं की ते फुगतही नव्हतं आणि आकसतही नव्हतं. भोक कोणत्या आकाराचं कोरायचं याचे नियमही त्यांनी घालून दिले. शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं कोरणयंत्र १८७१ मध्ये आलं होतंच. म्हणजे ज्या वेळी कामगारांचे दात झपाट्याने किडू लागले, त्याच वेळी ते भरण्याचं स्वस्त साधनही पक्कं झालं. पुढची शंभर वर्षं जगभर जेवढ्या दाढा भरल्या गेल्या त्यांत सर्वाधिक चांदीने भरल्या गेल्या, त्या यामुळे.

आपल्या देशात ही विद्या रुजवली ती रफीउद्दीन अहमद यांनी. पूर्व बंगालात जन्मलेला हा तरुण अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्य झाला आणि १९१९ मध्ये परतला. १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात भारतातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. त्यासाठी पैसा कुठून आला? त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं शीतपेयांचं दुकान चालवलं आणि त्याच्या उत्पन्नातून कॉलेज उभं केलं. गोड पेयं विकून दातांचं कॉलेज! यात विनोद आहे, पण दातांसाठी सरकारी तिजोरी उघडत नव्हती हे त्यातलं दुखणं आहे. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यकाचा व्यवसाय कोणी करावा याचा देशव्यापी कायदा १९४८ मध्ये आला.

आणि गोवा? आमची वैद्यकशाळा, पणजीची एस्कोला मेदिका, १८४२ ची. तिचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पण दंतवैद्यकाचं सरकारी महाविद्यालय बांबोळीला सुरू झालं ते १९८० मध्ये. दोहोंमधलं अंतर १३८ वर्षांचं. शरीराच्या बाकी सगळ्या अवयवांची सोय झाल्यावर राज्यकर्त्यांना दात आठवतात. हा अनुभव केवळ आमचा नव्हे.

दातांपायी मंत्र्याचा राजीनामा

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दातांचे उपचारही फुकट होते. दवाखान्यांपुढे इतकी गर्दी लोटली की सरकारचा अंदाजच कोलमडला. पिढ्यान् पिढ्या लोकांनी दातदुखी साहिली होती, दाढा उपटल्या होत्या. लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी भेट द्यायची, म्हणजे नवऱ्याला पुढे खर्च नको, अशी रीत काही भागांत होती म्हणून सांगतात. १९५१ मध्ये कोरियातल्या युद्धामुळे लष्करी खर्च वाढला आणि ॲटली सरकारने कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं. ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड विल्सनही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, दातांच्या साध्या उपचारांवर एक पौंडाचं शुल्क आलं.

एवढ्याशा रकमेसाठी राजीनामा? पण आकडे पाहा. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या प्रौढांपैकी ३७ टक्के लोकांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. मधल्या चाळीस वर्षांत फ्लोराइडची टूथपेस्ट आली, लोकांच्या सवयी बदलल्या, आणि किडलेली दाढ उपटण्याऐवजी भरण्याचा रिवाज पडला. ती भरायला बहुतेक वेळा चांदीच होती. जमाखर्चात जमेच्या बाजूला मांडायची सर्वांत मोठी रक्कम हीच.

पांढऱ्या रंगाची किंमत

दाताच्या रंगाचं फिलिंग हे स्वप्न जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं सिलिकेट सिमेंट दिसायला छान, पण तोंडात झिजून जाई. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की दाताचा पृष्ठभाग सौम्य आम्लाने खरबरीत केला तर त्याला राळ घट्ट धरते. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी टिकाऊ राळेचं पेटंट घेतलं. या दोन गोष्टींतून आजचं कंपोझिट जन्मलं, म्हणजे राळेत काचेची बारीक पूड. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते निळ्या प्रकाशाने घट्ट करण्याची सोय आली. त्याच्या काही वर्षं आधी लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर शोधलं होतं. आपण ज्याला नुसतं 'सिमेंट' म्हणतो ते बहुधा हेच.

आता खर्चाचा प्रश्न. कंपोझिट महाग का? वस्तू महाग असते हे खरं, पण खरी किंमत वेळेची आणि हाताची. दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर प्रकाशाने पक्का करावा लागतो. घट्ट होताना ते किंचित आकसतं, कडेला फट राहिली तर खाली पुन्हा कीड लागते. मात्र ते दाताला चिकटत असल्याने निरोगी भाग कमी कोरावा लागतो, हा त्याचा मोठा गुण. चांदी चिकटत नाही, म्हणून ती अडकून राहील असं खोल भोक करावं लागतं. पण थोडी लाळ लागली तरी ती सांभाळून घेते. सिमेंट दाताला चिकटतं, फ्लोराइड सोडत राहतं, स्वस्तही असतं. पण चावण्याच्या पृष्ठभागावर जोर आला की लवकर झिजतं. सोन्याचं किंवा सिरॅमिकचं घडवलेलं फिलिंग प्रयोगशाळेतून किंवा यंत्रावर तयार करून आणावं लागतं, म्हणून त्याचा खर्च या सगळ्यांच्या कितीतरी पट.

टिकाऊपणाचं काय? आधीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मागच्या दाढांमधली चांदी आणि कंपोझिट यांची तुलना केली. कंपोझिट निकामी होण्याचं प्रमाण चांदीच्या जवळजवळ दुप्पट आढळलं. पुरावा फार भक्कम नाही आणि साहित्य सुधारत आहे, हे ध्यानात ठेवूनही मुद्दा उरतो. फिलिंगची किंमत म्हणजे त्या दिवशी दिलेले पैसे इतकंच धरून चालत नाही. ते किती वर्षं टिकलं, त्या वर्षांनी भागायला हवं.

पाऱ्याचा हिशोब

आता खर्चाची बाजू. चांदीच्या दाढेतून पाऱ्याची अल्पशी वाफ निघते, हे निर्विवाद आहे. १९२६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी हा प्रश्न पुन्हा पेटवला. ते स्वतः प्रयोगशाळेतल्या पाऱ्याने आजारी पडले होते. या वाफेने रोग्याला अपाय होतो का? त्याचं एक महत्त्वाचं उत्तर लिस्बनहून आलं. तिथल्या 'काझा पिया' या जुन्या बालसंस्थेतल्या ५०७ मुलांवर १९९७ पासून अभ्यास झाला. निम्म्यांना चांदी, निम्म्यांना कंपोझिट. सात वर्षांच्या पाहणीत स्मृती, एकाग्रता, मज्जासंस्था यांत फरक दिसला नाही. अमेरिकेत ५३४ मुलांवर झालेल्या अशाच अभ्यासाचा निष्कर्षही जुळला. दोन्ही २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही काळजी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं आणि मूत्रपिंडाचे रोगी यांना शक्यतो चांदी भरू नये असा सल्ला दिला. त्याच सल्ल्यात असंही आहे की तोंडातली सुस्थितीतली जुनी चांदी उगाच काढू नका. काढताना वाफ जास्त निघते आणि चांगला दातही थोडा जातो.

मग बंदी कशासाठी? रोग्याच्या तोंडापेक्षा पुढचा प्रवास जास्त चिंतेचा आहे. कोरताना निघालेला चुरा बेसिनातून गटारात, तिथून नदीत जातो. पाण्याच्या तळाशी जिवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठत जातो. जपानच्या मिनामाता उपसागराकाठी १९५६ मध्ये जो भयंकर रोग उघडकीला आला, तो एका कारखान्याने सोडलेल्या मिथिल पाऱ्याचा. त्याच गावाचं नाव कराराला दिलं आहे. हा करार २०१३ मध्ये मंजूर होऊन २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. दातांतला पारा हा जगातल्या एकूण पाऱ्याचा एक भाग आहे, सगळा नव्हे. पण रोज ताटात हुमण असलेल्या आम्हा गोवेकरांनी तरी या बंदीला नाक मुरडू नये.

मग दातात काय भरावं?

दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर "साधं की चांगलं?" असा प्रश्न आला तर गडबडून जाऊ नये. भोक किती खोल आहे, ते चावण्याच्या जागी आहे का, हिरडीजवळ असेल तर तिथे कोरडं राहील का, हे किती वर्षं टिकणं अपेक्षित आहे आणि निघालं तर पुढचा खर्च काय, हे शांतपणे विचारावं. चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही. दिसणाऱ्या दातात कंपोझिट, दुधाच्या दातात आणि हिरडीलगत सिमेंट, मोठ्या पडक्या दाढेला घडवलेलं फिलिंग किंवा कॅप, हा साधारण ठोकताळा. अंतिम निर्णय दात पाहणाऱ्याचा.

पण हा सगळा विचार ज्याला निवड आहे त्याच्यासाठी. एखाद्या आडगावातल्या मुंडकाराच्या पोराची दाढ किडली तर? चांदी स्वस्त होती, टिकत होती आणि सरकारी दवाखान्यातल्या घाईगर्दीतही भरता येत होती. तिच्या जागी काय येणार?

उत्तर नाही असं नव्हे. १९८० च्या दशकात टांझानियात डच दंतवैद्य यो फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. वीज नाही, कोरणयंत्र नाही. हातातल्या अवजारांनी मऊ कीड खरवडायची आणि चिकटणारं सिमेंट दाबून बसवायचं. शाळेच्या बाकावरसुद्धा हे होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये याच संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ग्लास आयोनोमर, फ्लोराइड टूथपेस्ट आणि कीड थोपवणारं चांदीचं एक द्रावण यांचा समावेश केला. या द्रावणाने किडलेली जागा काळी पडते पण कीड थांबते. म्हणजे चांदी दातातून पुरती जाणार नाही. पाऱ्याची साथ सोडून ती राहील.

यातलं काहीच महाग नाही, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करणार नाही. हे काम सरकारी दंत महाविद्यालयं, आरोग्य केंद्रं आणि शाळा यांनीच अंगावर घ्यावं लागेल. एकोणिसाव्या शतकात स्वस्त फिलिंगवर बहिष्कार घालणाऱ्यांनी उपटल्या गेलेल्या दाढांचा हिशोब ठेवला नव्हता. आपण तो ठेवू शकतो. बांबोळीच्या कॉलेजात आणि तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांत दरवर्षी किती दाढा भरल्या आणि किती काढल्या, याची नोंद होतच असते. २०३४ पर्यंत ते दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहत राहिलं पाहिजे. चांदी गेल्यावर काढलेल्या दाढांचा आकडा वाढला नाही, तरच तिला दिलेला निरोप रास्त ठरेल.